क्लारा ह्यूजनं खेळ बदलला तो सावरल्यानंतर

प्रश्न एका वडिलांचा आहे. थोडक्यात असा: "मुलगी १७ वर्षांची. तेराव्या वर्षापर्यंत रोलर स्केटिंग करायची, मग सायकलवर आली. रोड रेसमध्ये राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर पदकं आहेत. शेवटच्या स्पर्धेला चार महिने झाले. पदक आणलं त्या रात्री ती जेवली नाही. तेव्हापासून सरावाला जायला नको, दिवसा झोप, कारण नसताना रडणं. सर म्हणतात आळस चढलाय. ती म्हणते, सायकल सोडून पुन्हा स्केटिंग करते. कॅनडाच्या क्लारा ह्यूजबद्दल वाचलं, तिनंही असाच खेळ बदलला आणि नैराश्यातून बाहेर आली. मग बदलू द्यावा का? गोळ्या सुरू झाल्या तर डोपिंगमध्ये अडकेल का? आणि हे बाहेर कळलं तर पुढे नोकरीच्या कोट्याचं काय?"

तुमच्या पत्रातलं "त्या रात्री ती जेवली नाही" हे वाक्य मी दोनदा वाचलं. बाकीचं तुम्ही लक्षणं म्हणून मांडलंय, हे ओघात येऊन गेलंय. पण माझ्या लेखी पत्र तिथूनच सुरू होतं. हरल्यावर न जेवणारी मुलं सगळ्यांना ठाऊक असतात. जिंकून न जेवणाऱ्या मुलाकडे घरात कुणाचं लक्ष जात नाही, कारण त्या वेळी घरात पेढे वाटले जात असतात.

आता क्लाराबद्दल. उदाहरण तुम्ही चांगलं निवडलंत, फक्त घटनांचा क्रम तुमच्यापर्यंत उलटा पोचलाय.

क्लारा ह्यूज कॅनडातल्या विनिपेगची, जन्म १९७२ चा. घरात वडिलांचं दारूचं व्यसन. शाळकरी वयात ती स्वतःही सिगारेट आणि दारूत अडकली होती, हे तिनंच नंतर सांगितलंय. १९८८ साली कॅल्गरीत हिवाळी ऑलिंपिक झालं, तेव्हा तिनं टीव्हीवर गेटान बुशेची शर्यत पाहिली. बुशे म्हणजे कॅनडाचा मोठा स्पीड स्केटर, चार वर्षांपूर्वी सारायेवोत दोन सुवर्णपदकं जिंकलेला. कॅल्गरीत मात्र त्याला पदक मिळालं नाही. पदक न मिळालेली ती शर्यत पाहून या मुलीनं ठरवलं, आपल्याला हे करायचंय. मानसोपचारतज्ज्ञ म्हणून पालकांशी बोलताना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते. मुलांना खेळाकडे काय ओढतं याचे आपले अंदाज बहुतेक वेळा चुकतात.

म्हणजे तिची सुरुवात स्केटिंगची. वर्ष-दोन वर्षांत ती सायकलकडे वळली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये दोन कांस्यपदकं घेऊन आली, एक रोड रेसचं आणि एक टाइम ट्रायलचं, म्हणजे एकट्यानं घड्याळाविरुद्ध धावायच्या शर्यतीचं. वय २३. इथपर्यंत तुमच्या मुलीची वाट आणि तिची वाट बरीच जुळते.

कोसळली ती त्यानंतर. लोक मिरवत होते आणि ती झोपून राहायची, रडायची. शरीर सरावाला साथ देईना. हे सुमारे दोन वर्षं चाललं. आपल्याला आजार आहे हे तिच्या गावीही नव्हतं. आपण कमी पडतोय, एवढंच तिला वाटायचं. राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरात संघाच्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा कुठे त्याला नाव मिळालं. मग मदत, मग हळूहळू परतणं. २००० साली सिडनी ऑलिंपिकला ती सायकलवरच उतरली. पदक आलं नाही, पण ती शर्यतीत होती.

स्केट्स तिनं पुन्हा चढवले ते त्यानंतर, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. २००२ ला सॉल्ट लेक सिटीत ५००० मीटरमध्ये कांस्य. २००६ ला ट्यूरिनमध्ये त्याच शर्यतीत सुवर्ण आणि सांघिक पाठलागात रौप्य. २०१० ला व्हँकुव्हरमध्ये उद्घाटनाला देशाचा झेंडा तिच्या हातात होता आणि ५००० मीटरमध्ये पुन्हा कांस्य आलं. उन्हाळी आणि हिवाळी, दोन्ही ऑलिंपिकमध्ये एकाहून जास्त पदकं मिळवणारी खेळाडू म्हणून तिचं नाव घेतात ते यामुळे. २०१२ ला लंडनमध्ये ती परत सायकलवर दिसली, चाळिशीला टेकलेली.

वर्षं जुळवून बघा. आजारपण १९९६ नंतरचं, खेळ बदलला २००० च्या अखेरीस. मधली चार वर्षं बातम्यांमधून गळतात आणि मग "खेळ बदलला आणि बरी झाली" अशी सोयीची कथा तयार होते. ती आधी सावरली, मग तिनं खेळ बदलला. उलट केलं असतं तर तीच उदासी ती बर्फावर घेऊन गेली असती. हे माझं मत. पण अशी उदासी एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर जाताना मी गेल्या बावीस वर्षांत बऱ्याचदा पाहिलीय.

खेळ बदलणं शरीराच्या दृष्टीनं किती शक्य आहे, तेही सांगते, कारण तुमची मुलगी काहीतरी वेडंवाकडं मागतेय असं तुम्हाला वाटू नये. स्पीड स्केटिंगचा ट्रॅक ४०० मीटरचा. ५००० मीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या. कमरेतून वाकलेलं, गुडघे दुमडलेले, जवळजवळ सात मिनिटं त्याच अवस्थेत. ट्यूरिनमध्ये क्लाराची वेळ होती ६ मिनिटं ५९.०७ सेकंद. मांडीचे पुढचे स्नायू, नितंब आणि दम, सगळं सायकलवर लागतं तेच. म्हणून या दोन खेळांत ये-जा जुनी आहे. अमेरिकेच्या एरिक हायडननं १९८० च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्केटिंगची पाच सुवर्णपदकं घेतली आणि १९८६ मध्ये तो टूर द फ्रान्समध्ये सायकल चालवत होता. पुढे हाडांचा डॉक्टर झाला. पूर्व जर्मनीच्या क्रिस्टा रोथेनबुर्गरनं तर १९८८ या एकाच वर्षात कॅल्गरीत स्केटिंगचं आणि सोलमध्ये सायकलिंगचं पदक जिंकलं. चाकाच्या स्केट्सवरून सायकलवर आलेली मुलं आपल्याकडेही आहेत. तेव्हा तुमच्या लेकीची मागणी तांत्रिकदृष्ट्या अगदी शहाणपणाची आहे. प्रश्न फक्त "आत्ता" चा आहे.

आळसाबद्दल. सरांशी भांडू नका, पण त्यांचं निदान मान्यही करू नका. आळशी मूल सराव चुकवून मजा करतं. सिनेमाला जातं, मैत्रिणींबरोबर पाणीपुरी खातं, रात्री दोनपर्यंत फोनवर हसतं. सराव चुकवून भिंतीकडे तोंड करून पडणाऱ्या मुलीला आळशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक सायकलपटू माझ्याकडे आली होती. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. आई सोबत, हातात फायलींची पिशवी, वर प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स. मुलगी हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती. सरावावरून थेट आली असेल असं मला वाटलं, तर आई म्हणाली, "नाही हो मॅडम, तीन आठवडे सायकलला हात नाही लावला. आज निघताना तेवढं उचललं." मी विचारायचे आणि ती हेल्मेटच्या पट्ट्याची चाप लावायची, काढायची. टक. टक. झोप कशी लागते? टक. जेवण? टक. मग मी म्हटलं, "सकाळी डोळे उघडतात तेव्हा पहिला विचार काय येतो गं?" चाप थांबली. "परत उजाडलं," ती म्हणाली. आईनं पिशवी खाली ठेवली.

क्लाराच्या डॉक्टरांनी शिबिरात जे केलं ते याच जातीचं असणार. कुणीतरी वेळापत्रकाबाहेरचा प्रश्न विचारला आणि उत्तर येईपर्यंत थांबलं. तुम्हीही हे करू शकता. समोरासमोर बसवून "काय झालंय तुला? आम्ही काय कमी केलं?" असं नको, ती चौकशी होते, आणि त्यावर ठरलेलं उत्तर असतं, "काही नाही." गाडीवरून जाताना, भांडी पुसताना, दोघांची नजर दुसरीकडे असताना विचारा. "हल्ली सकाळ जड जाते का?" एवढंच. मग गप्प राहा. बापांना हे गप्प राहणं फार कठीण जातं, ते लगेच उपाय सांगायला लागतात.

आणि एक प्रश्न घाबरत का होईना विचारायचाच: "जगणं नकोसं वाटतं का? जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो हा समज खोटा आहे. बहुतेक मुलांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर "हो" आलं, किंवा नुसतं डोळ्यांत पाणी आलं, तर माझ्या किंवा कुणाच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. तिला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात दाखवा. टेली-मानस या मानसिक मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

तसं काही नसेल तर आधी रक्त तपासा. हे ऐकून पालक बुचकळ्यात पडतात, मनाच्या डॉक्टरकडे आलो आणि ही हिमोग्लोबिन विचारतेय. पण सहनशक्तीच्या खेळातल्या मुलींमध्ये लोह कमी असणं नेहमीचं आहे, आणि त्याचा थकवा नैराश्यासारखाच दिसतो. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी-१२, ड-जीवनसत्त्व एवढं करून घ्या. दुसरं, तिच्या आईला विचारायला सांगा, पाळी नियमित आहे का. सायकलिंगमध्ये "घाटात वजन नडतं" हे वाक्य मुली रोज ऐकतात. जेवण तुटपुंजं आणि सराव भरपूर, असं महिनोन्‌महिने चाललं की शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडं, मग मनाचा नंबर लागतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये या अवस्थेला वेगळं नाव देऊन सगळ्या खेळांच्या डॉक्टरांना सावध केलं. पाळी तीन महिने आली नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. "खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं" यावर विसंबू नका.

तिसरं, अति-सराव. त्याचा थकवा आणि नैराश्य दिसायला सख्खे भाऊ. झोप बिघडते, भूक जाते, चिडचिड होते. साध्या अति-सरावाचा थकवा दोन-तीन आठवड्यांच्या खऱ्या विश्रांतीत ओसरायला लागतो आणि मुलाला खेळाची आठवण यायला लागते. इथे चार महिने झालेत. विश्रांतीतही रिकामपण तसंच आहे, इतर कशातही गोडी नाही, तर मी नैराश्य धरूनच पुढे जाईन. अर्थात तिला न बघता निदान मी करत नाही. दोघं एकत्रही असतात. क्लाराच्या बाबतीत दमलेलं शरीर आणि आजारी मन वेगळं काढता येत नव्हतं, असं तिचं बोलणं ऐकताना मला नेहमी वाटत आलंय.

आता गोळ्या. प्रत्येकाला लागत नाहीत. सौम्य नैराश्यात समुपदेशनानं, झोपेची घडी बसवून, सरावाचा भार उतरवून बरंच काम होतं. लागल्याच, तर या वयात ज्या नैराश्यविरोधी गोळ्या साधारण देतात, म्हणजे फ्लुओक्सेटिनच्या कुळातल्या, त्या वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत नाहीत. त्यांची चटक लागत नाही, पण अचानक बंदही करायच्या नाहीत. सुरुवातीचे काही आठवडे तरुण मुलांवर बारीक लक्ष ठेवावं लागतं, अस्वस्थता वाढली तर लगेच कळवायचं. बंदीत अडकवणारी औषधं वेगळी आहेत. एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराची, उत्तेजकं स्पर्धेच्या काळात बंद आहेत, त्यांना आधी परवानगी काढावी लागते. छातीची धडधड कमी करणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या नेमबाजी आणि तिरंदाजीत चालत नाहीत. म्हणून डॉक्टर कोणीही असोत, पहिलं वाक्य "मुलगी स्पर्धात्मक खेळाडू आहे" हे असू द्या.

जाता जाता, डोपिंगची खरी भीती कुठे असते ते क्लाराच्याच आयुष्यात आहे. १९९४ मध्ये ती एफेड्रिन या उत्तेजकासाठी दोषी आढळली आणि तीन महिन्यांची बंदी झाली. ही गोष्ट तेव्हा गुपचूप राहिली. ते आपल्या शरीरात कुठून आलं हे कळलंच नाही, असं तिचं म्हणणं आहे. २०१५ मध्ये तिनं आपणहून ती जाहीर केली, २१ वर्षांनी. एफेड्रिन सर्दीच्या औषधांत असतं, वजन उतरवण्याच्या चूर्णांत सापडतं, आणि आपल्याकडे सोमलता म्हणून जी वनस्पती देतात तीही त्याच एफेड्राच्या कुळातली. तेव्हा मानसोपचाराच्या चिठ्ठीपेक्षा जिममधल्या डब्याची आणि "आयुर्वेदिकच आहे" म्हणून दिलेल्या पुडीची काळजी जास्त करा. पण ही गोष्ट मला वेगळ्या कारणासाठी आठवते. अटलांटाच्या त्या दोन पदकांच्या खाली हे गुपित दबलेलं होतं. तिच्या आजाराचं ते कारण होतं असं मी म्हणत नाही. पण कुणाला सांगता न येणारी गोष्ट उराशी घेऊन खेळणं काय असतं, ते माझ्याकडे येणारी मुलं मला दाखवत असतात. कुणाचं वय खोटं लावलेलं असतं, कुणाला शिबिरात त्रास झालेला असतो, कुणी दुखापत लपवलेली असते. तुमच्या मुलीजवळ असं काही आहे का, ते तिला तुमच्यापाशी बोलता येणार नाही कदाचित. म्हणून माझ्याकडे पहिली वीस मिनिटं ती एकटी बसेल.

बाहेर कळण्याचं म्हणाल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. जिवाला धोका असेल असे मोजके अपवाद सोडले तर मी सरांना, संघटनेला, कॉलेजला काहीही सांगत नाही. नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठी प्रमाणपत्रं बघतात ती खेळाची. मुलीचं वय १७, त्यामुळे उपचाराला तुमची संमती लागेल, पण तिला न विचारता मी काही सुरू करणार नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की बरी झाल्यावर तिनं यावर बोलावं, इतर मुलींना धीर येईल. भावना चांगली आहे. पण इथेही क्लाराच्या तारखा बघा. आजार १९९६ नंतरचा. ती देशासमोर त्यावर ठामपणे बोलू लागली २०१० मध्ये, बेल या टेलिफोन कंपनीच्या "लेट्स टॉक" या मोहिमेचा चेहरा झाली तेव्हा. तेव्हा ती ३८ च्या आसपास होती, सहाच्या सहा पदकं जिंकून झाली होती. त्या मोहिमेत ठरलेल्या दिवशीच्या प्रत्येक मेसेजमागे, फोनमागे कंपनी पाच सेंट मानसिक आरोग्याच्या कामाला द्यायची. २०१४ मध्ये क्लारा सायकल काढून ११० दिवस देशभर फिरली, ११,००० किलोमीटरच्या आसपास, कॅनडाच्या सगळ्या प्रांतांतून. मार्चच्या थंडीत टोरांटोहून निघाली आणि १ जुलैला, त्यांच्या राष्ट्रीय दिनी, ओटावाला पोचली. वाटेत शाळांतून, सभागृहांतून बोलत गेली. ज्या सायकलवर ती कोसळली होती तीच तिनं या कामासाठी काढली, याचं मला फार अप्रूप आहे.

त्या मोहिमेवर टीकाही झाली, आणि ती मला पटते. बोला बोला म्हणायचं आणि बोललेल्याला पुढे दाखवायला दार नसायचं, हे कॅनडातही होतं. खाजगी मानसशास्त्रज्ञाची फी तिथल्या सरकारी योजनेत सहसा बसत नाही. आपल्याकडे तर जिल्ह्याच्या ठिकाणीसुद्धा खेळाडूंसोबत काम करणारा मानसतज्ज्ञ सापडणं मुश्कील. म्हणून सतरा वर्षांच्या मुलीला इन्स्टाग्रामवर "माझी लढाई" लिहायला लावू नका. जखम ओली असताना अनोळखी लोकांच्या प्रतिक्रिया झेलणं हा वेगळाच सराव आहे. आपल्या नेमबाज अभिनव बिंद्रानंही २००८ च्या सुवर्णपदकानंतर आलेल्या पोकळीबद्दल मोकळेपणानं सांगितलंय, आणि ते आज हजारो मुलांच्या उपयोगी पडतंय. पण सांगायचं की नाही, केव्हा आणि किती, हे त्यानं स्वतः ठरवलं. तुमची मुलगी कधीच बोलली नाही तरी काही बिघडत नाही.

मग स्केटिंगचं काय? नाही म्हणू नका. "हो, पण सहा महिन्यांनी ठरवू" असं म्हणा. तोवर दोन्ही खेळांतली स्पर्धा बंद. सायकल पुसून झाकून ठेवा, विकू नका. रागाच्या भरात विकलेल्या सायकलींच्या कहाण्या माझ्याकडे ढीगभर आहेत. स्केट्स माळ्यावर असतील तर काढून ठेवा. वाटलं तर संध्याकाळी तासभर मैदानात जाऊ दे, घड्याळ आणि सर या दोघांशिवाय. ती मजेत फिरून आली तर मला कळवा. औषधाचा परिणाम मोजायला माझ्याकडे प्रश्नावल्या आहेत, पण घरी आल्यावर ती आपणहून जेवायला वाढून घेते का, हे तुम्हाला माझ्याआधी दिसेल.

पहिल्या भेटीला येताना गेल्या वर्षाची सरावाची वही किंवा अ‍ॅपमधल्या नोंदी आणा, रक्ताचे रिपोर्ट आणा, ती घेत असलेले सगळे डबे आणि पुड्या आणा. पदकांची फाइल घरी राहू दे. सरांना दुसऱ्या भेटीला बोलावू, तेही तिनं हो म्हटलं तर.